मामाची बाजू

टीव्हीवर दोन पुढारी समोरासमोर बसले की आमचे हे पुढे सरसावून म्हणतात, "आता बघ, समोरच्याची माणसं फुटणार!" कप्पाळ फुटणार! वादात हरला म्हणून मत बदललेला एक माणूस मला दाखवा, मी त्याचे पाय धरीन.

आमची लाकडाची वखार होती. बाबा आणि मामा मोठे ओंडके दोन मुठींच्या करवतीने कापायचे, एक या टोकाला, एक त्या. नियम एकच. आपल्या पाळीला ओढायचं, दुसऱ्याच्या पाळीला हात सैल सोडायचा. ढकललं की पातं वाकतं. बाबा एका पक्षाचे, मामा दुसऱ्याचा. ओढणाऱ्याने बोलायचं, सोडणाऱ्याने ऐकायचं, असं दिवसभर चालायचं. तो भुशाचा वास आणि त्या दोघांची अखंड बडबड!

एका निवडणुकीत दोन्ही पक्षांच्या पुढाऱ्यांचा वाद टीव्हीवर होणार होता. या दोघांनी पैज लावली, ज्याचा पुढारी हरेल त्याने दुसऱ्याच्या पक्षाला मत द्यायचं. शहाणेच! कोण हरलं ते ठरवणार कोण, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

वाद संपला तसे बाबा ओरडले, "हरलास! कबूल कर!"

"मी? दाजी, डोळे तपासून घ्या!" मामा म्हणाला.

सकाळी करवतीवरही तेच. कोणी ऐकेना. ओंडका निम्मा कापून झाला होता. तावातावाने दोघंही ढकलायला लागले आणि पातं वाकून आत रुतून बसलं. मामाने मूठ सोडली, सदरा झटकला आणि तरातरा निघून गेला.

त्यानंतर तो फिरकलाच नाही. आई रोज दाराकडे बघायची. बाबा त्या अडकलेल्या करवतीला कोणाला हात लावू देत नव्हते. गेला आपला मामा, असं वाटून मी उशीत तोंड खुपसून रडले आहे.

मतदानाच्या दिवशी बाबा मला घेऊन थेट त्याच्या घरी गेले. मामा सुजलेला गुडघा घेऊन बसला होता.

"ऊठ. माझा खांदा धर, मत द्यायला जाऊ."

"दाजी, मी कोणाला देणार, ठाऊक आहे ना?"

"चांगलं ठाऊक आहे. पण उद्या हरलास की म्हणशील, गुडघा दुखत होता!"

मामा खो खो हसला. गुडघ्याची सूज उतरल्यावर वखारीत आला आणि दोघांनी मिळून आधी ती करवत सोडवली.

आता वखार नाही, मामाही नाही. काल टीव्हीवरचा वाद संपल्यावर मी शेजारी बसलेल्या बाबांना म्हटलं, "बाबा, तुमचा माणूस जिंकला हो!"

"जिंकला कसला? उत्तर द्यायला तुझा मामा कुठे होता?" असं म्हणून बाबा मामाची बाजू मांडायला लागले. तेच "दाजी, जरा ऐका", तेच मांडीवर थाप मारणं. एक मुद्दा सोडला नाही. मी बघतच राहिले.

"बाबा, तुम्हाला तर हे सगळं पटलेलं दिसतंय!"

"बरंचसं तेव्हाच पटलं होतं."

"मग त्याला एकदा तरी सांगायचंत ना!" मी चिडलेच.

बाबांनी टीव्ही बंद केला. "सांगितलं असतं, तर सकाळी भांडायला आला असता का तो?"