तिसऱ्या मजल्याच्या साडेसहा इंच खाली

माझे रोजचे दोन नेम आहेत. सकाळचा जप आटोपला की चहाआधी आमच्या ऑनलाइन ज्ञानकोशात नव्याने आलेल्या एका तरी माणसाचं स्वागत करायचं, हा एक. आणि दिवसभरात कुणाला कठोर शब्द बोलायचा नाही की लिहायचा नाही, हा दुसरा. गेलाच तोंडून, तर त्या रात्री अळणी जेवायचं. या दुसऱ्या नेमामागे एक जुनं पाप आहे. ते असं भर वाचनालयात बाहेर पडेल, असं मात्र मला वाटलं नव्हतं.

दर गुरुवारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत मी नवख्यांना ज्ञानकोशात लिहायला शिकवते. तिथे दोन संगणक आहेत आणि एक डुगडुगती खुर्ची. "वहिनी, तुम्ही शिकवता की दीक्षा देता?" असं माझी नणंद विचारते. मी हसते. हसण्याला मीठ सोडावं लागत नाही.

त्या गुरुवारी लिफ्टवाले काका आले. जुन्या सरकारी इमारतीतली लिफ्ट ते एकतीस वर्षं चालवत होते. डुगडुगत्या खुर्चीत बसले, टोपी मांडीवर ठेवली, टोपीत जेवणाचा डबा ठेवला आणि म्हणाले, "ताई, मला एकच ओळ लिहायचीय. घरून दोनदा लिहिली, दोनदा कुणीतरी कुरतडली. तिथे माणसं आहेत की उंदीर?"

माणूसच होता. आमच्यातला एक जुना सदस्य. त्याला कुणी पाहिलेलं नाही, पण सगळे कात्री म्हणतात. पुराव्यावाचून लिहिलेलं त्याला खपत नाही.

काकांची ओळ साधी होती. त्या इमारतीवर एक लेख आहे, त्यात त्यांना लिहायचं होतं की तिथली लिफ्ट तिसऱ्या मजल्याच्या जरा खालीच थांबते.

"सोमवारी ती काढताहेत," काका म्हणाले. "नवी बटणांची येणार. तिला माणूस लागत नाही. एकतीस वर्षं तिसरा मजला आला की मी 'पाय उचला' म्हणतोय. नातवंडंसुद्धा मला उंबऱ्यात 'आजोबा, पाय उचला' म्हणून चिडवतात. लिफ्ट गेल्यावर कोण विश्वास ठेवणार? एक ओळ तरी राहू दे कुठे."

"काका, आपल्याला माहीत असून भागत नाही," मी हळूच म्हटलं. "कुठेतरी छापून आलेलं लागतं."

"त्या लिफ्टला माझ्याइतकं कोण ओळखतं?"

"म्हणूनच तर तुमचं चालत नाही."

"हे बरंय! म्हणजे जो कधी बसलाच नाही, त्यानं सांगितलेलं चालतं?"

"त्यानं छापलं असेल तर चालतं."

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, की दुसऱ्या कुणी असं पाहिलं असतं तर मला अळणी जेवावं लागलं असतं. मी त्यांना आधी धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, बसवलं. त्यांनी एका बोटाने अकरा वेळा 'पाय उचला' लिहिलं. मी "छान" म्हटलं.

"छापलेलंच हवं ना?" काका एकदम म्हणाले आणि पाकिटातून प्लास्टिकमध्ये घडी करून ठेवलेलं एक कात्रण काढलं. "बावीस वर्षं जवळ बाळगलंय. रागानं. वाचा."

आपल्या गावातल्या साप्ताहिकात आलेलं वाचकाचं पत्र होतं. 'तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट खालीच थांबल्याने मी तोंडघशी पडले. लिफ्टचालक हा आळशी व झोपाळू इसम असून त्याचे डोळे फक्त जेवणाच्या सुट्टीत उघडतात. एक जखमी गृहिणी.'

ती जखमी गृहिणी मीच होते.

खरं सांगायचं तर त्या दिवशी लिफ्टमध्ये मी डोळे मिटून माळ ओढत होते. पडले, गुडघा फुटला, घरी येऊन रागाच्या भरात पत्र लिहिलं. ते छापून आलं आणि मलाच लाज वाटली. कठोर शब्दांचा नेम तेव्हापासूनचा.

गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, असं मनाला समजावलं आणि काकांची ओळ लेखात परत घालून तिच्याखाली पत्राची तारीख नि पान टाकलं. पाच मिनिटांत चर्चेच्या पानावर कात्री हजर. 'पत्र निनावी आहे. लिहिणारी कोण? विश्वास का ठेवायचा?'

"आता हो?" काका रडवेले झाले.

मी देवाचं नाव घेतलं आणि टाइप करू लागले. काका स्क्रीनवर बोट ठेवून एकेक अक्षर मोठ्याने वाचत होते. "ते... पत्र... मीच... लिहिलं... आहे."

बोट तिथेच थांबलं.

"म्हणजे माळवाल्या बाई तुम्ही? मी दोनदा 'पाय उचला' म्हणालो होतो!"

"ऐकू आलं नाही, काका. एकशेसातवा मणी होता."

"एका मण्यापायी मी बावीस वर्षं आळशी?"

"चुकलं माझं. आज अळणी जेवीन."

"एक दिवस? निदान आठवडा तरी करा!"

तेवढ्यात कात्रीचं उत्तर आलं. 'लेखिका स्वतःच्या पत्राचा संदर्भ स्वतःच देते? मग तर अजिबातच नाही.' ओळ तिसऱ्यांदा उडाली.

खरं बोलून मी काकांची ओळ घालवली होती. काका उठले आणि ते कात्रण प्लास्टिकसकट टेबलावर आपटलं. घडी बावीस वर्षांची चिकटलेली, ती टचकन सुटली. पत्राखाली बारीक अक्षरांत आणखी काहीतरी होतं.

'संपादकांची टीप: आमच्या प्रतिनिधीने स्वतः मोजले असता लिफ्ट तिसऱ्या मजल्याच्या साडेसहा इंच खाली थांबते. चालक मात्र प्रत्येकास न चुकता सूचना देतो.'

"काका, तुम्ही हे वाचलंच नाही?"

"'आळशी'च्या पुढे कोण वाचणार? तुम्ही?"

मीही फक्त माझंच पत्र वाचलं होतं. नवख्यांना पहिल्याच दिवशी सांगते, संदर्भ शेवटपर्यंत वाचा.

कात्रीनं टीप मान्य केली. 'चालेल. अंतर इंचांत लिहावे. जखमी गृहिणीने या लेखापासून दूर राहावे.' म्हणून मी हात पाठीमागे बांधून उभी राहिले आणि काकांनी एका बोटाने ती ओळ स्वतः लिहिली. चाळीस मिनिटं लागली. 'प्रत्येकास न चुकता' हे शब्द त्यांनी दोनदा लिहिले, मग एकदा खोडले.

आठवडाभर घरात अळणी शिजलं. "पाप तुमचं आणि मीठ आमचं गेलं," असं नणंद ताटावर रोज म्हणायची.

सोमवारी सकाळी ओळ जागेवर आहे हे पाहून मी लिफ्टच्या शेवटच्या फेरीला गेले. माळ पिशवीत ठेवली होती आणि डोळे टक्क उघडे होते. तिसरा मजला आला. "पाय उचला!" काका खणखणीत आवाजात म्हणाले. मी पाय इतका उचलला की चप्पल सुटून थेट समोरच्या कारकुनाच्या टेबलावर, त्याच्या चहात पडली.

काकांनी आवाज खाली आणून विचारलं, "ताई, हेही लिहायचं का?"

"नाही, काका," मी म्हटलं. "संदर्भ नाही."