नावात तफावत

“इरम्मा कौन है?”

पुण्याच्या विमानतळाच्या दारात जवानानं आधार कार्ड वर धरून विचारलं, आणि माझ्या बायकोनं शाळेतल्या पोरीसारखा हात वर केला. “म्या! म्याच की.”

किती खूश होऊन म्हणाली! मला मात्र दरदरून घाम फुटला. तिकिटावर नाव होतं महानंदा.

आता हे कुणी केलं? मीच. धाराशिवच्या कचेरीत तीस वर्षं कारकुनी केली आणि जन्मभर एकच शेरा मारत आलो : ‘नावात तफावत, सबब परत.’ दाखल्यावर धोंडीबा आणि अर्जावर धोंडिराम, की पाठव परत. येरमाळ्याहून भाकरी बांधून आलेली म्हातारी माणसं हात जोडायची. “सायेब, मानूस त्योच हाय की!” मी मान वर करायचो नाही.

निवृत्त झालो आणि ठरवलं, आता भारत बघायचा. दिल्ली, आग्रा, काशी, मग खाली थेट कन्याकुमारी. आम्ही दोघं, मुलगा इंद्रजित आणि मुलगी शिवकन्या. महिनाभर नकाशा माझ्या ताटाशेजारी होता. त्यावर कालवणाचे डाग पडले तरी मी हलवू देईना. बायकोची मागणी एकच. “समुद्राला पाय लावायचाय बघा. बाकी तुमी म्हणताव तसं.”

तिकिटं काढताना इंद्रजित म्हणाला, “बाबा, आधार बघून नावं सांगा.” मी उखडलो. “माझ्या बायकोचं नाव मला कागदात बघावं लागतं व्हय रे?”

लागत होतं. लग्नात ताटातल्या तांदळावर मी अंगठीनं ‘महानंदा’ लिहिलं, त्या दिवशी इरम्मा माझ्यापुरती संपली. शाळेच्या दाखल्यावर ते नाव तसंच राहिलं, तिथून आधारवर आलं. बत्तीस वर्षांत मी ते कधी वाचलंही नाही.

जवानानं तिला आत सोडलं नाही. इंद्रजित तिकिटाच्या खिडकीकडं धावला, हात हलवत परत आला. नाव बदलून मिळत नाही, नवं तिकीट काढावं तर विमानात जागा नाही. “तुम्ही पुढं व्हा,” तो म्हणाला, “मी आईला घेऊन उद्या येतो.”

“खुळा का काय तू? तू नसलास तर ह्यांना त्यातलं काय कळतंय?” ती म्हणाली. “जावा तुमी समदे. आपल्याला सोडाय आल्याला गाडीवाला अजून च्या पिलालाय तिथं. त्येच्यासंगं जाते म्या.” आणि मग तिनं माझ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं.

‘पोरं जाऊ देत पुढं, आपण दोघं मागनं जाऊ.’ एवढंच म्हणायचं होतं मला. घशापर्यंत आलंही होतं, खोटं कशाला सांगू? पण पहिलं विमान, महिनाभर गिरवलेला नकाशा... मी म्हणालो, “जपून जा. पोचलीस की फोन कर.”

आजही ते वाक्य आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

दहा दिवस हिंडलो. रोज संध्याकाळी फोनवर ती खोदून खोदून विचारायची. थंडी किती? भात कसला मिळतो? नावेत भीती वाटली का? मी सांगायचो आणि सांगताना मला बरं वाटायचं, जणू काही फिटतंय. कन्याकुमारीला तिनं विचारलं, “लई मोठा हाय का वो?” मी फोन लाटांपुढं धरला.

परतताना गाडी धाराशिवात शिरली तोच तिचा फोन आला. “म्या स्टँडवर हाय. हितनं घ्या मला.” बघतो तर अंगावर प्रवासासाठी घेतलेली साडी, हातात तीच बॅग.

“घरी न्हाय गेले,” गाडीत बसताना ती म्हणाली. “अणदूरला भावाकडं ऱ्हायले. एकटी परत आलेली बघून गल्लीत चार लोकांनी इचारलं असतं. तुमालाच हसले असते.”

मी तिच्या हातातली बॅग घेऊन मांडीवर ठेवली.

आम्ही चौघं दारात उतरलो तशी शेजारच्या तुळजाबाई आल्याच. “कसा झाला वैनी परवास?”

मी मान खाली घातली. ही मात्र सुरू झाली. “दिल्लीला लई धूर बघा. ताजमहालात चपलीवर पिशव्या चढवायला लावत्यात. आन् काशीला नावेत बसल्यावर हे असले भ्याले म्हणताव!” तुळजाबाई पदर तोंडाला लावून हसल्या. माझंच फोनवरचं बोलणं, एक शब्द इकडचा तिकडं नाही.

“आन् समुद्र?”

“समुद्राचा... आवाज लई मोठा आस्तुया,” ती म्हणाली आणि बॅग उचलून आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नव्या तिकिटांसाठी कोरा कागद काढला. तिचं आधार कार्ड समोर ठेवून एकेक अक्षर बघत नाव लिहिलं. आता दोघंच जायचं, सरळ कन्याकुमारीला. ती उंबऱ्याशी तूर डाळ निवडत बसली होती, पाठमोरी.

“इरम्मा,” मी हाक मारली.

सुपातला हात चालूच राहिला.

“इरम्मा...” जरा मोठ्यानं म्हणालो. माझ्या तोंडून ते नाव तिनं कधी ऐकलंच नव्हतं; बाहेर कुणाला तरी हाक चाललीय असंच तिला वाटलं असावं. रस्त्याकडं एकवार बघून तिनं एक खडा वेचून फेकला.

माझ्याच्यानं तिसऱ्यांदा म्हणवेना.

“महानंदा.”

“काय वो?” तिनं लगेच वळून बघितलं.