डाव्या पायाची पाळी

तळव्यावर शरीराचे अवयव दाखवणाऱ्या रबरी पावलांच्या जोडीत काळीज फक्त डाव्यावर रंगवलेलं होतं, मुगाएवढा तांबडा ठिपका, आणि कुणाच्या तरी अंगठ्यानं घासून घासून तो फिका झालेला... पेइ-लान त्याच्याकडे पाहत राहिली. पाय दाबून देणाऱ्या काँग मास्तरांनी तिचा डावा पाय गरम पंच्यात गुंडाळून स्टुलावर ठेवला होता आणि उजवा मांडीवर घेतला होता. बाहेर कीलुंगच्या बंदरात एक बोट भोंगा देत होती. तिच्या नवऱ्याची नव्हे. तो दोन महिने समुद्रावरच होता.

शनिवारची दुपार तेवढी तिची. बाकी आठवडा गॅस कंपनीच्या फोनवर लोकांची माफी मागण्यात जाई, आणि संध्याकाळ सासूबाईंच्या पायाशी. अर्धांगाचा झटका येऊन सासूबाईंची उजवी बाजू गेली, वाचा गेली, तेव्हा मास्तरांनीच तिला पाय दाबायला शिकवलं होतं. रोज दाबा, त्यांना बरं वाटेल आणि तुमचंही डोकं शांत होईल, असं ते म्हणाले होते. ती दाबत होती. एकदाही चुकवलं नव्हतं.

"परवा आमचा गॅस आला नाही," मास्तर म्हणाले. "फोनवर तुम्हीच होतात का?"

"माफ करा," ती म्हणाली, आणि मास्तर हसले तेव्हा तिला कळलं की ते थट्टा करत होते.

बोटांच्या मुळाशी त्यांनी जोर दिला. मान, खांदे, सगळं गच्च झालंय म्हणाले. झोप लागते का?

"लागते. उठावंसं वाटत नाही."

मास्तरांचा अंगठा सावकाश, दाणे मोजल्यासारखा पुढे सरकत होता, आणि तिचे डोळे मिटत आले, फोनवरचे आवाज एकेक करून विझत गेले... आणि मग डाव्या पायावर कुणीतरी अंगठा टेकवला.

टाचेपाशी. जोरात. मग तो अंगठा तिरका घसरला, नखाची कड रुतली, एक जागा सुटली, दुसरी उगाच दोनदा चेचली गेली – घाईत, दुसरीकडे बघत, टीव्हीवर काहीतरी चालू असताना दाबावं तसं. तिनं डोळे उघडले. पंचा जसाच्या तसा होता, त्याची घडीही हलत नव्हती. मास्तरांचे दोन्ही हात उजव्या पायावर होते.

हा अंगठा आपल्या ओळखीचा आहे, असं तिला वाटलं. आणि मग तिला तो ओळखू आला. लहानपणी दारात सापडून वाकडा झालेला, शेंड्यानं न दाबता कडेनं दाबणारा. तो तिच्या स्वतःच्या उजव्या हाताला होता. आत्ता खुर्चीच्या हातावर तिच्या डोळ्यांदेखत पडलेला होता, स्वस्थ.

हळू, असं ती म्हणायला गेली. जीभ उचलेना. तोंडाची एक बाजू तिची नव्हतीच जणू, आणि घशातून नुसतं "अं..." एवढंच आलं. मास्तरांना वाटलं तिला डुलकी लागली. त्यांनी कोपऱ्यातल्या टीव्हीचा आवाज कमी केला. ती पडून राहिली. पाय ओढून घेता आला असता – का घेतला नाही? कुणाला तरी वाईट वाटेल म्हणून? की घेऊन काही उपयोग होत नाही, हे आधीपासून ठाऊक असल्यासारखं?

मग अंगठा निघून गेला. मास्तरांनी पंचा सोडला आणि पाय उजेडाकडे वळवला.

"हा आधी कुणाकडून दाबून घेतलात का? टाच लाल झालीय."

"नाही," ती म्हणाली. आवाज तिचाच होता. "आज डावा नको, मास्तर."

घरी, दिवसा सासूबाईंजवळ थांबणारी शेजारची हुआ मावशी त्यांना पेज भरवून झाल्यावर भांडं विसळत होती. दुपार शांत गेली म्हणाली. मग जाता जाता, चपला चढवताना, सहज म्हणून गेली –

"एरवी तुझी यायची वेळ झाली की डावा पाय आखडून घेतात बघ. आज नाही घेतला."

"तो आजारानं आखडतो," पेइ-लान म्हणाली.

"असेल बाई," मावशी म्हणाली आणि गेली.

आजारानं तर उजवी बाजू गेली होती. डावा पाय चांगला होता. त्याला सगळं कळत होतं. पेइ-लाननं टीव्ही बंद केला, तेलाची वाटी घेतली, खुर्चीसमोर बसली. सासूबाई तिच्याकडे बघत होत्या. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर तिनं माफी मागितली असती, ते तिला येत होतं.

"आई," ती म्हणाली, "दाबू का?"

हे तिनं आजवर विचारलं नव्हतं. उत्तर येणार नव्हतं. तिनं डावं पाऊल मांडीवर घेतलं – ते हलकं होतं, उबदार होतं, आणि आखडलं नाही. अंगठा टाचेपासून केसभर वर थांबला. तो खाली न्यावा की नेऊ नये, हे तिला ठरवता येईना. आणि सपातेत तिच्या स्वतःच्या डाव्या पायाची बोटं हळूहळू आत वळू लागली, तिला न विचारता, काय येणार ते ठाऊक असल्यासारखी... आणि सासूबाई शांतपणे बघत राहिल्या, तिच्या चेहऱ्याकडे नव्हे, खाली, त्या सपातेकडे.