गुरुवारी भिंतीकडे तोंड

मी एक जुना तक्ता आहे. कागदाचा नव्हे, कापडाचा. दवाखान्यातल्या विरलेल्या चादरीतून मला कापलं, वरखाली पडद्याच्या काठ्या शिवल्या आणि बाईच्या पोटात बाळ जिथं वाढतं, त्या पिशवीचं चित्र माझ्यावर रंगवलं. रंगवणारी होती एक सिस्टर. नोकरी सांभाळून ती पुढचं शिकत होती. तिच्या आईनं मला पाहिलं आणि विचारलं, "हे काय गं, भोपळा काढलास होय?"

मित्रांनो, मी दिसायला भोपळा असेन, पण कामाचा होतो. आजारामुळे ज्यांची पिशवी काढायची असे, त्या बायकांना सिस्टर माझ्यासमोर बसवायची. काय काढणार, काय राहणार, कामाला कधी लागायचं, सगळं बोट ठेवून सांगायची. "एवढंच ना? मी उगाच अर्धमेली झाले होते," असं म्हणत बाया हसत उठायच्या. मला कोण अभिमान वाटायचा!

पण सिस्टरला संशोधन करायचं होतं. असं समजावल्यानं बाईचं पुढचं जगणं खरंच सुधारतं का, हे तिला आकड्यांनी दाखवायचं होतं. म्हणून निम्म्या बायकांना मी दिसायचो. बाकीच्यांना नेहमीसारख्याच गोळ्या आणि तारीख. ऑपरेशननंतर तीन महिन्यांनी सगळ्यांना तेच तीस प्रश्न विचारायचे आणि मगच राहिलेल्यांना मला दाखवायचं. बायका तशी सहीही करून देत. सोमवारी येणाऱ्या बायकांसाठी माझं तोंड खोलीकडे असे, गुरुवारी येणाऱ्यांसाठी भिंतीकडे.

एका गुरुवारी शिवणकाम करणारी एक बाई कामावरून तशीच आली. टेप गळ्यातच, बोटांना निळा खडू. तिनं माझा कोपरा चिमटीत धरला.

"ताई, हा भिंतीकडे तोंड करून का? रुसलाय की काय?"

"राहू द्या, मावशी. तुम्हाला ऑपरेशननंतर तीन महिन्यांनी दाखवते."

"अहो, तोवर माझं काय व्हायचं ते होऊन गेलेलं असेल! मशीन चालवता येईल का, तेवढं तरी सांगा."

सिस्टरचा हात माझ्या काठीपर्यंत आला. मला वाटलं, आता वळवते.

"डॉक्टर सांगतील," ती म्हणाली आणि हात मागे घेतला.

ऑपरेशननंतर तीन महिन्यांनी, ठरल्या दिवशी ती बाई परत आली, तेव्हा गळ्यात टेप नव्हती. सिस्टर प्रश्न वाचू लागली. गेल्या महिन्यात उदास किती वेळा वाटलं?

"रोज लिहा."

"घरात काही बदल?"

"ह्यांना बाहेरच्या खोलीत झोपायला सांगितलंय. माझ्या आत पोकळी. त्यांना काही बाधलं तर?"

"आणि काम?"

"पायडल मारलं आणि आतलं उसवलं तर? मशीन जावेला देऊन टाकलं."

"डॉक्टरांना विचारलं नाहीत?"

"ते म्हणाले, सगळं ठीक आहे. आणि पुढच्या बाईला हाक मारली."

सिस्टरनं तीसही उत्तरं लिहून घेतली. मग मला वळवलं. आत पोकळी उरत नाही, आतडी सरकून ती जागा भरतात. नवऱ्याला काही बाधायचा प्रश्नच नव्हता. दीड-दोन महिन्यांनी तपासून घेऊन मशीनही चालवता आलं असतं.

बाई माझ्याकडे बघत राहिली.

"एवढंच? पाच मिनिटांचं तर काम होतं, ताई."

"हो," सिस्टर म्हणाली.

"जाऊबाईंनी आता त्याच मशीनवर दुकान टाकलंय. कुठल्या तोंडानं परत मागू?"

 

संशोधनाचं मोठं कौतुक झालं. मला पाहिलेल्या आणि न पाहिलेल्या बायकांच्या आकड्यांत जमीन-अस्मानाचा फरक होता. त्या बाईचं ते "रोज" माझ्याच पदरात गुण म्हणून पडलं. टाळ्या वाजल्या, तेव्हा सिस्टर मान खाली घालून उभी होती. त्यानंतर नोकरी संपेपर्यंत तिनं मला एकदाही भिंतीकडे वळवलं नाही.

आता मी कपाटात आहे. मित्रांनो, कुणी काळजीनं काही विचारलं आणि तुम्हाला ते ठाऊक असलं, तर त्याच दिवशी सांगा. माझ्या पुढच्या अंगावर शेकडो बोटांचे डाग आहेत. मागच्या कोपऱ्यावर मात्र एकच आहे, निळ्या खडूचा. माझी घडी घालाल, तेव्हा तेवढा कोपरा आत दुमडू नका.