चित्रावर हात

शोभाताई करंदीकरांनी पुण्याच्या एका कॉलेजात जन्मभर फ्रेंच शिकवलं आणि त्या फ्रान्सला एकदाही गेल्या नाहीत. त्याचं त्यांना फारसं दुःखही नव्हतं. अकरावी-बारावीची मुलं फ्रेंच घेत ती स्कोअरिंग विषय म्हणून, आणि मुलांना मार्क मिळवून द्यायला बाईंनी पॅरिस बघितलेलं असावं लागत नाही. नियम पाठ हवेत, क्रियापदं तोंडात बसलेली हवीत आणि चित्रांकडे बघायचं नाही. ही शेवटची अट खास त्यांची. धड्याशेजारी चित्र असे आणि मुलं ते बघून अर्थ ठोकून देत. चित्रात कुत्रा दिसला की वाक्यात कुत्रा. मग बाई म्हणत, "चित्रावर हात ठेवा, आणि आता सांगा." सगळ्या वर्गाचे हात चित्रांवर जात आणि निम्म्या वर्गाची वाचा बसे.

शोभाताईंचे यजमान शरदचंद्र गेले तेव्हा कॅनडात राहणारा मुलगा देवेश म्हणाला, "आई, आता इकडेच ये. ओटावात सगळं दोन भाषांत असतं. तुला तर एकदम ॲट होम वाटेल."

त्याचं खोटं नव्हतं. पाट्या दोन भाषांत होत्या, बसमधल्या सूचना दोन भाषांत होत्या, नाश्त्याच्या सिरियलच्या खोक्यावरही एका बाजूला फ्रेंच होतं. शोभाताईंनी ते खोकं पहिल्या आठवड्यातच इकडून तिकडून वाचून काढलं. पण खोकं उलट बोलत नाही. एकदा सगळे नदीपलीकडे गातिनोला, फ्रेंच बोलणाऱ्यांच्या गावी, गेले होते, तेव्हा बेकरीत त्यांनी मनात घोळवून घोळवून एक सुरेख वाक्य तयार केलं आणि काउंटरवरच्या मुलीला ऐकवलं. मुलगी गोड हसली आणि इंग्रजीत म्हणाली, बॅग हवी का? बिचारीला मदतच करायची होती. शोभाताईंनी मात्र कानाला खडा लावला, पुन्हा कुणापुढे फ्रेंच काढायचं नाही.

देवेशचं घर ओटावाच्या एका टोकाला, कनाटा उपनगरात होतं. सकाळी तो आणि सीमा दोन गाड्यांतून दोन दिशांना जात, आठवीतली नात ऊर्मी पिवळ्या स्कूलबसने जाई, आणि घरात ऊब देणाऱ्या फर्नेसचा आवाज तेवढा उरे. डिसेंबरपर्यंत शोभाताई सिटी बसने लायब्ररीत तरी जात. मग ओटावाच्या सिटी बसेसचा संप सुरू झाला. रस्त्याकडेला बर्फाचे ढीग चढले, आणि देवेश रोज निघताना बजावू लागला, "बाहेर आइस आहे आई, प्लीज एकटी बाहेर पडू नकोस." त्या पडत नसत. पुण्याच्या बहिणीला फोनवर "मजेत आहे गं" म्हणत. मजा कसली? त्यांना फार एकटं वाटत होतं, इतकं की दुपारी टेलिमार्केटिंगवाल्याचा फोन आला तरी त्या त्याला पुरतं बोलू देत.

दिवसातली एक गोष्ट त्यांच्या हक्काची होती. दुपारी ऊर्मीची बस कोपऱ्यावर यायच्या बेताला त्या दूध गरम करून ठेवत. ऊर्मी यायची, बूट काढायची, "हाय आजी" म्हणायची, दूध घेऊन वर खोलीत जायची. कधीकधी दूध तसंच राहायचं.

आणि जानेवारीत एका दुपारी ऊर्मी वर गेली नाही. तिने डायनिंग टेबलावर दोन पुस्तकं ठेवली आणि खुर्ची ओढली.

"आजी, यू टॉट फ्रेंच, राइट?"

ऊर्मी फ्रेंच इमर्शनमध्ये होती, म्हणजे शाळेचे निम्मे विषय फ्रेंचमध्ये. वर्गाच्या मादामने प्रोजेक्ट दिला होता. फ्रेंचमधली एक चित्रकादंबरी घ्यायची, तिचं इंग्रजी भाषांतर घ्यायचं, आणि दोन्ही ताडून फरक लिहायचे. ऊर्मीने घेतलेली गोष्ट होती कालव्यावरचा पूल उघडणाऱ्या एका म्हाताऱ्याची. बोट आली की दांडा ओढायचा, पूल वर जाणार. बोट गेली की खाली. मग एक दिवस पूल विजेवर आपोआप उघडायला लागतो आणि म्हाताऱ्याला काम उरत नाही.

"हात्तिच्या, एवढंच ना?" शोभाताई म्हणाल्या. आवाज त्यांनी मुद्दाम साधा ठेवला होता. आतून त्यांना नाचावंसं वाटत होतं.

पुढचे दहा-बारा दिवस त्या घरात कॉलेज भरलं. ऊर्मी शाळेत असताना शोभाताई दोन्ही पुस्तकं शेजारी उघडून बसत. चित्रांची अडचण होऊ नये म्हणून त्यांनी पोस्टातून आलेल्या जाहिरातीचा जाड कागद कापून एक पट्टी केली. पट्टीने चित्र झाकायचं, संवादाच्या फुग्यातलं वाक्य वाचायचं, मग इंग्रजीकडे वळायचं. आणि काय काय सापडत गेलं! म्हातारा मूळ पुस्तकात बोटवाल्यांशी अदबीने बोलतो, इंग्रजीत नुसता "यू, यू" करतो. मूळ शिवी कालव्यातल्या माशावरून होती, इंग्रजीत ती कुठलीशी मिळमिळीत शिवी झाली. तो मूळ पुस्तकात कांद्याचं सूप पितो, इंग्रजीत नुसतं सूप. सापडलेल्या एकेका चुकीला शोभाताई मनातल्या मनात टाळी देत होत्या.

दुपारी ऊर्मी आली की दूध टेबलावरच यायचं. शोभाताई सांगायच्या, ऊर्मी लॅपटॉपवर टाइप करायची. "वेट आजी, स्लो डाउन," म्हणायची. एकदा तर ती म्हणाली, "यू आर लाइक, सो स्ट्रिक्ट," आणि हसली. त्या हसण्यावर शोभाताईंनी दोन दिवस काढले.

एका दुपारी ऊर्मीने विचारलं, "आजी, हे पेज नंबर्स मॅच का नाही करत? फ्रेंचमध्ये पेजेस जास्त आहेत."

"इंग्रजी वाक्यं आखूड असतात," शोभाताईंनी मागचापुढचा विचार न करता सांगितलं. "कमी जागा लागते. लिही तसं."

ऊर्मीने लिहिलं.

प्रोजेक्ट परत आला तो फेब्रुवारीत. त्या दिवशी ऊर्मीने बूट काढले, "हाय आजी" म्हटलं आणि ती थेट जिन्याकडे निघाली. शोभाताईंनीच हाक मारून विचारलं, मार्क किती?

"इट्स फाइन, आजी."

"अगं पण किती?"

मग ऊर्मीने सांगितलं. शब्दांबद्दलचं सगळं मादामला आवडलं होतं. पण मूळ पुस्तकातली आठ पानं इंग्रजी आवृत्तीत छापलीच नव्हती. सलग आठ पानं, नुसती चित्रांची, एकही शब्द नसलेली. हाच तर सगळ्यात मोठा फरक, तो तुला दिसला कसा नाही, असं मादामने विचारलं होतं. शिवाय चित्रकादंबरीत वाक्यं आखूड झाल्याने पानं कमी होत नसतात, कारण वाक्यं फुग्यात असतात, हेही लिहिलं होतं. सोमवारपर्यंत तेवढा भाग पुन्हा लिहून आणायचा होता.

"यू सेड इंग्लिश इज शॉर्टर," ऊर्मी म्हणाली. ती रागावली नव्हती. रागावली असती तरी बरं झालं असतं. "इट्स ओके. आय विल फिक्स इट मायसेल्फ." आणि ती वर गेली. दूध टेबलावर राहिलं.

शोभाताईंच्या तोंडात कुणी मारल्यासारखं झालं. जन्मभर दुसऱ्यांच्या वह्यांवर लाल रेघा ओढलेल्या बाई त्या, आणि नातीचे मार्क त्यांच्यामुळे गेले होते. पण खरं सांगायचं तर मार्कांचं एवढं काही नव्हतं. आपल्याला विचारायला कुणीतरी येत होतं, ते आता येणार नाही, हे त्यांच्या जिवाला लागलं होतं. संध्याकाळी देवेशने विचारलं, "काय आई, कसा गेला दिवस?" त्या म्हणाल्या, "छान."

पुस्तकं अजून टेबलावरच होती. दुसऱ्या दिवशी सगळे गेल्यावर शोभाताईंनी फ्रेंच पुस्तक उघडलं. पट्टी घेतली आणि परत ठेवून दिली. ती आठ पानं त्यांनी आधीही पाहिली होती, म्हणजे उलटली होती. शब्द नाहीत म्हटल्यावर तिथे थांबायचं कशाला?

आता त्या थांबल्या.

म्हातारा एक कप धुतो. पुसतो. टेबल पुसतो, ते आधीच स्वच्छ असतं. खिडकीत बसतो. बाहेर बोट येते, आणि तो सवयीने ताडकन उठतो, हात दांड्याकडे जातो. दांडा नसतो. पूल आपोआप उघडतो. तो हात खाली घेतो आणि पुन्हा बसतो. मग कोट चढवतो, दारापर्यंत जातो, कोट काढून ठेवतो. खिडकीतलं ऊन भिंतीवरून सरकत जातं. बस, एवढंच. इंग्रजीवाल्यांना वाटलं असणार, इथे काही घडतच नाही, कागद तरी वाचवू.

शोभाताईंनी ती पानं पुन्हा पहिल्यापासून बघितली. मग त्यांनी डोळे पुसले, चहाचा कप धुतला, आणि हातातला ओला कप बघून त्यांना एकदम रडू फुटलं.

रविवारी देवेश आणि सीमा ग्रोसरीला गेले होते. ऊर्मी लॅपटॉप घेऊन खाली आली, कारण वर वायफाय नीट येत नव्हतं. ती टेबलाच्या पलीकडच्या टोकाला बसली. बराच वेळ टाइप होईना.

"काय गं?" शोभाताईंनी भीतभीत विचारलं.

"नथिंग हॅपन्स," ऊर्मी म्हणाली. "देअर आर नो वर्ड्स. मी काय लिहू?"

"मी सांगू?" त्या म्हणाल्या. "मराठीत सांगते. तू तुझं फ्रेंच कर. मी तपासणार नाही."

ऊर्मीने खांदे उडवले, पण खुर्ची जवळ घेतली.

शोभाताई सांगू लागल्या. पुस्तक पुढ्यात होतं, आणि चित्रावर त्यांचा हात आपला सवयीने जाऊन बसला होता. "तो कप धुतो. एकच कप असतो, म्हणून साबण लावत नाही. मग टेबल पुसतो. ते सकाळीच पुसलेलं असतं, पण काहीतरी करायला हवं ना. फर्नेस चालू होते, बंद होते. तो तिच्याकडे लक्ष ठेवून असतो. मग खिडकीत बसतो. समोरच्या घरातली बाई गाडी काढते, तर तो हात हलवतो, पण ती बघत नाही. तिचा दोष नाही, तिला घाई असते."

ऊर्मी टाइप करत होती.

"मग तो कोट चढवतो. दारापर्यंत जातो. बाहेर आइस असतं. मुलाने सांगितलेलं असतं, जाऊ नकोस. कोट काढतो. मग तीन वाजायला येतात, की तो उठतो आणि दूध तापवायला ठेवतो. फार नाही तापवायचं, साय आली की तिला आवडत नाही. आणि कोपऱ्यावर पिवळी बस..."

टाइप करण्याचा आवाज थांबला.

"आजी," ऊर्मी हळूच म्हणाली. "देअर इज नो बस. देअर इज नो मिल्क."

पानात नाही ते सांगितलं म्हणून शोभाताईंनी वर्गात मुलांना उभं केलं होतं, बाकावर चढवलं होतं.

"चुकलं," त्या म्हणाल्या. "खोड तेवढं."

ऊर्मीने काही खोडलं नाही. ती स्क्रीनकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, आणि यावेळी मराठीत, शब्द एकेक शोधत, "मग बस आल्यावर... ती मुलगी काय करते?"

"वर जाते," शोभाताई म्हणाल्या. "दमलेली असते गं ती. शाळा असते, होमवर्क असतो."

"आणि तो?"

"तो भांडं घासून ठेवतो."

बाहेर देवेशची गाडी ड्राइव्हवेत आली, गराजचं दार घरघरत उघडलं. ऊर्मी उठली नाही. पुस्तकावर पसरलेला आजीचा हात तिने उचलला, बाजूला ठेवला, आणि खाली झाकलेलं चित्र ती बघत बसली.