पाच चिठ्ठ्यांचा कॉम्प्युटर

आधी माफी मागतो. बोलतोय मी, पण टाइप करतोय तो, ज्यानं मला जोडलं. त्याची शाळा आठवीतच सुटली. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दिसल्या तर सांभाळून घ्या. शब्दही साधेच असतील. मी एक कॉम्प्युटर आहे, मला तरी अवघड शब्द कुठे येतात? पण जे सांगणार आहे ते घडलेलं आहे, आणि त्यातल्या कशाचीच मला लाज वाटत नाही.

मी जन्मलो असं म्हणता येणार नाही. मी हळूहळू जमलो.

माझा बाहेरचा डबा, पुढच्या पंख्यासकट, दातांच्या दवाखान्यातला. तिथं तो अकरा वर्षं पेशंटांची कण्हणी ऐकत टेबलाखाली उभा होता. मदरबोर्ड आणि त्यावरचा प्रोसेसर तिकिटं काढून देणाऱ्या एका कचेरीतला. मेमरी छापखान्यातली. वीज पुरवणारा पॉवर सप्लाय फोटो स्टुडिओतला, म्हणून अजूनही जरा तोऱ्यात असतो. आणि मागचा पंखा कुणाचा, ते देवालाच ठाऊक. तो बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात सापडला. नवीन म्हणाल तर एकच वस्तू, माहिती साठवायची डिस्क. घरात नवी सून यावी तशी ती आली आणि पहिल्या दिवसापासून सगळ्यांपेक्षा भरभर कामाला लागली.

ज्या दुरुस्तीच्या दुकानात मी जमलो, तिथं एक रीत आहे. जुन्या मशीनमधून काढलेल्या प्रत्येक भागावर मालक काका कागदाची चिठ्ठी चिकटवतात. भाग कुठून आला, चालू आहे की संशय आहे, आणि खाली तपासणाऱ्याची सही. काका म्हणतात, "सही नसलेला भाग म्हणजे बेवारशी. त्याची हमी कोण घेणार?"

मला जोडणारा त्या दुकानात सहा वर्षं कामाला आहे. काका त्याला हळूराव म्हणतात, कारण तो बोलतो हळू, चालतो हळू आणि स्क्रूसुद्धा असा फिरवतो की स्क्रूला गुदगुल्या व्हाव्यात. पण त्याच्या हातून गेलेलं मशीन परत येत नाही. तपासायचा तो, चिठ्ठी मात्र लिहायचे काका.

"अरे, सही तरी तू कर."

"तुम्हीच करा ना काका. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय."

"मग माझं काय मोराचा पिसारा आहे?" असं म्हणून काका सही ठोकायचे. माझ्या पाचही भागांवर काकांचीच सही होती.

मी कुणासाठी जमलो, ते आता सांगतो. हळूरावची थोरली बहीण, म्हणजे ताई, औषधांच्या कारखान्यात गोळ्यांची पाकिटं भरते. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं. कारखान्यात औषधं तपासण्याच्या विभागात एक जागा निघाली. तिच्यासाठी घरी बसून कॉम्प्युटरवर तीन तासांची परीक्षा द्यायची होती. अट अशी, की ज्या कॉम्प्युटरची आधी नोंद केली त्यावरच पेपर द्यायचा, आणि तो मध्येच बंद पडला तर पेपर बाद. पुढच्या वर्षी वयाची अट आड येणार होती. म्हणजे ही ताईची पहिली संधी आणि शेवटचीही.

हळूराव तिला एवढंच म्हणाला, "कॉम्प्युटर मी करतो."

दोन दिवस मी दुकानाच्या टेबलावर चाललो, तेही झाकण उघडं ठेवून. हळूरावला पंखे फिरताना पाहायला फार आवडतं. माझ्यासमोर हनुवटी टेकून तो असा बसायचा, जसं कुणी पाळण्यातल्या बाळाकडे बघत बसावं. मी एकदाही अडखळलो नाही. आपल्यासारखे आपणच, असं मला वाटू लागलं.

काकांचा नियम आहे, की झाकण लावून तीन तास चालल्याशिवाय मशीन दुकानाबाहेर जायचं नाही. निघताना त्यांनी विचारलं, "तपासलास?"

"दोन दिवस चालवला, काका."

ते खरं होतं, पण अर्धंच.

घरी त्यानं माझं झाकण लावलं, चारही स्क्रू आवळले आणि मला खिडकीजवळच्या टेबलाखाली ठेवलं. ताईनं लगेच माझी नोंद केली. मुदतीचा तो शेवटचाच दिवस होता. परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी ती सरावाचा पेपर सोडवायला बसली. शेजारी मावशी भाजी निवडत होती. मावशीचा हात आणि तोंड एकाच वेगानं चालतात.

पंचवीस मिनिटं मजेत गेली. मग मला उकडायला लागलं. तीस, पस्तीस. आतली हवा कढत झाली आणि तिला बाहेर जायला वाटच मिळेना. मला बोलता आलं असतं तर ओरडलो असतो. चाळिसाव्या मिनिटाला माझ्या डोळ्यांपुढे अंधार आला.

ताईच्या डोळ्यांपुढेही, कारण पडदा काळा झाला होता.

"काय झालं रे?" तिनं विचारलं.

हळूराव गुडघ्यांवर बसून माझ्याकडे वाकला.

मावशीचं सुरू झालं. "मी म्हटलं नव्हतं? पाच घरच्या उष्ट्यावर कुठं पंगत बसते का? माझ्या जावयाचा लॅपटॉप होता की चांगला!"

"आता तो असून उपयोग नाही, मावशी. नोंद याची झालीय," ताई म्हणाली. मग भावाकडे वळली. तिचा आवाज चढला नव्हता, आणि त्याचंच त्याला जास्त लागलं असणार. "मी तुझ्यावर विसंबून आहे, बाळा. तुला जमणार नसेल तर आत्ताच सांग. रडायचं असेल तर आज रडून घेते, उद्या पेपरात नको."

तो घराबाहेर गेला. मला वाटलं, गेला हा, आता तोंड दाखवणार नाही. पण तो जिन्यात उभा राहून काकांना फोन लावत होता. दार उघडंच होतं, म्हणून मला ऐकू आलं. त्याला मी एवढ्या मोठ्यानं बोलताना पहिल्यांदाच ऐकलं.

"काका, मी झाकण लावून तपासलं नव्हतं. चूक माझी आहे. बंद पडला."

 काकांचा आवाज इतका चढला की फोनमधून जिन्यात सांडला. "झाकण उघडं असलं की सगळेच शहाणे असतात, हळूराव! आता ऐक. झाकण लावलेलं असतानाच चालू कर, आणि मागच्या जाळीवर कागद धर. चिकटतो की उडतो, ते सांग."

तो आत आला, मला चालू केलं आणि वहीचा एक तुकडा फाडून माझ्या पाठीशी धरला. कागद टपकन जाळीला चिकटला.

"चिकटला, काका!"

"मग? काय समजलास?"

"पंखा उलटा बसवलाय. पुढचाही हवा आत ओढतोय आणि मागचाही आतच. बाहेर कुणीच टाकत नाही."

"चिठ्ठीवर मी पंखा चालू आहे एवढंच लिहिलं होतं. कुठल्या तोंडानं बसवायचा, ते बसवणाऱ्यानं बघायचं," असं म्हणून काकांनी फोन ठेवला.

त्यानं तो मागचा पंखा काढून फिरवला आणि पुन्हा बसवला. पाच मिनिटांचं काम. झाकण लावून परत कागद धरला. या वेळी तो फडफडला आणि हातातून सुटून थेट मावशीच्या भाजीत जाऊन पडला.

"बघ, आता मलाच मारतोय!" मावशी म्हणाली, पण हसली.

ताई पुन्हा सरावाला बसली. चाळीस मिनिटं झाली, एक तास झाला, दोन झाले. हळूराव माझ्यापासून दूर भिंतीला टेकून बसला होता. त्याच्या खिशात स्क्रूड्रायव्हर होता आणि हात पुन्हा पुन्हा त्याच्याकडे जात होता. झाकण उघडून एकदा बघावं, असं त्याला किती वाटलं असेल! पण त्यानं उघडलं नाही. मीही थांबलो नाही. तीन तासांनी ताईनं माऊस सोडला आणि माझ्या डब्यावर हात ठेवून पाहिला. मी कोमटसुद्धा नव्हतो.

दिवेलागणीला काका दारात हजर. काखेत बॅटरी बॅकअपचा जड डबा. "उद्या ऐन वेळी वीज गेली तर माझ्या माणसाला बोल नको," एवढंच म्हणाले आणि पाणीही न पिता गेले.

परीक्षेच्या दिवशी खोलीत दुसरं कुणी चालणार नव्हतं. हळूराव कामावर गेला. दाराबाहेर मावशी खुर्ची टाकून बसली आणि तिनं दूधवाल्यापासून वरच्या मजल्यावरच्या पोरांपर्यंत सगळ्यांना इतक्या जोरात गप्प केलं, की आवाज झाला तो तिचाच. आत ताई आणि मी. सुरुवातीला ती प्रत्येक प्रश्न दोन-दोनदा वाचत होती. मी माझा पंखा एका लयीत धरून ठेवला. दुसरं काय करू शकत होतो? साधारण पंधराव्या प्रश्नापासून ती एकदाच वाचून पुढे जाऊ लागली. तीन तासांनी पडद्यावर अक्षरं आली, की पेपर जमा झाला आहे. ती वाकून मला म्हणाली, "शाबास रे." मला दातांच्या दवाखान्यापासून आजवर असं कुणी म्हटलं नव्हतं.

निकाल महिन्यानं लागेल. तो ताईच्या अभ्यासाचा असेल, त्यावर मी हक्क सांगत नाही. माझ्या वाटणीचं काम मी केलं. आता मी याच टेबलाखाली आहे. मावशी माझ्यावरून नातवाशी व्हिडिओवर बोलते आणि पडदा काळा झाला की मलाच विचारते, "दमलास का?" मी सहसा दमत नाही. तुमच्या घरात, दुकानात, माळ्यावर माझ्यासारखे तुकडे पडून असतील, तर त्यांना मोडीत घालायची घाई करू नका. जोडा, पण जोडल्यावर झाकण लावून तपासा.

आणि शेवटची गोष्ट राहिली. पेपरच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हळूराव कामावर जाण्याआधी माझ्यासमोर बसला. झाकण उघडून त्यानं दवाखाना, कचेरी, छापखाना, स्टुडिओ आणि बिस्किटांचा डबा अशा पाचही चिठ्ठ्या नखानं हलकेच सोडवल्या. झाकण लावून चारही स्क्रू आवळले. मग एक नवी चिठ्ठी घेतली आणि जीभ दातांत धरून स्वतःच्या हातानं लिहिलं: 'ताईचा कॉम्प्युटर. झाकण लावून तपासला. चालू.' ती त्यानं आत लपवली नाही. माझ्या पुढच्या बाजूला, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी चिकटवली आणि खाली सही केली.