अण्णांच्या कानाशी

“अण्णा सिरियस हायेत बाई. जल्दी निघ,” बद्रीनाथने अंबडला साधनाला फोनवर सांगितलं, तेव्हा तिचे वडील सोमेश्वरअण्णा जाऊन तास उलटला होता आणि ओट्यावर माणसं जमली होती.

धावडा गावात हे फोन करायचं काम बद्रीनाथचंच. तो पिठाची गिरणी चालवायचा. आवाज शांत होता आणि खोटं बोलताना तो अडखळत नसे. गेल्याचं फोनवर सांगायचं नाही, ‘सिरियस’ म्हणायचं. सासरहून निघालेली लेक एसटीत एकटी असते, तिनं तिथं कुणाच्या गळ्यात पडून रडायचं? याला पाप म्हणणाऱ्याला त्याने वेड्यात काढलं असतं.

पण आज साधना म्हणाली, “काका, फोन अण्णाच्या कानाला लावा. मला बोलायचंय.”

हे आजवर कुणी मागितलं नव्हतं. “लावतो,” तो म्हणाला आणि घरात गेलाच नाही. प्रेताच्या कानाला फोन लावायचा म्हणजे थट्टाच की. फोन छातीशी दाबून तो गोठ्यापाशी उभा राहिला. फोनमधला बारीक आवाज थांबल्यावर म्हणाला, “ऐकलं बरं त्यांनी.”

मग मात्र त्याला चैन पडेना. चहा अर्धाच ठेवला. तिरडीचे बांबू हातात घेतले, खाली ठेवले. शेवटी बायकोला, पुष्पाबाईला, बाजूला घेऊन सांगितलं.

“लावल्ता म्हणून सांगा,” ती म्हणाली. “तिच्या जिवाला बरं.”

“अन् माह्या जिवाला?”

“तुमच्या जिवाचं काय घेऊन बसलात? बाप तिचा गेलाय.”

तिचं बरोबर होतं, म्हणूनच त्याला राग आला. ‘सिरियस’चं खोटं माणूस दारात आलं की संपतं. हे साधनाबरोबर जन्मभर राहिलं असतं.

दुपार कलल्यावर ती जीपमधून उतरली. रडत नव्हती. सरळ बद्रीनाथकडे आली.

“काका, लावल्ता ना फोन?”

“बाई, मी सिरियस म्हणलो, ते...”

“ते कळलंच होतं मला. तुमचा फोन दुसऱ्या कशासाठी येतो? कानाला लावल्ता का, तेवढं सांगा.”

पुष्पाबाई पदर तोंडाशी धरून त्याच्याकडे बघत होती. एक ‘हो’ पुरला असता.

“न्हाई,” बद्रीनाथ म्हणाला. “मी गोठ्यापाशी उभा राह्यलो. तुझं बोलणं त्यांच्यापरेंत गेलंच न्हाई. मी बी ऐकलं न्हाई.”

साधनाने त्याच्याकडे रागाने पाहिलं. तो राग त्याला रास्त वाटला. मग ती ओट्यावर चढली, तिरडीच्या डोक्याशी बसली, अण्णांच्या कानावर आलेलं पांढरं कापड बाजूला सारलं आणि वाकून बोलू लागली.

खांदा द्यायला पुढे झालेली माणसं थांबली. बद्रीनाथ त्यांच्यात सगळ्यात जवळ होता. तिचे शब्द कानावर यायला लागले तसा तो मागे सरला, आणि तिचं बोलणं होईपर्यंत गोठ्यापाशी, सकाळच्याच जागी, पाठमोरा उभा राहिला.